दोरीपलीकडचा चहा

आमच्या उम्म तलहा गावात आजारी पडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. कुणाला नुसता ताप आला तरी अंगणात चटया पडायच्या, शेजारच्या घरांतून खाटा यायच्या आणि दिवस मावळेपर्यंत अर्धं गाव येऊन "कफारा, कफारा" म्हणून जायचं. म्हणजे हे दुखणं तुझी पापं धुऊन नेवो. ज्याला ताप आलाय तो बिचारा लोडाला टेकून बसायचा आणि येईल त्याला पहिल्यापासून सुरू करायचा, "काय सांगू, सकाळी उठलो तर दात वाजायला लागले..." आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. आणि पाहुण्याला एकट्यालाच चहा प्यायला लावणं म्हणजे घराण्याचं नाक कापलं जाणं. त्यामुळे तापलेला माणूससुद्धा प्रत्येक पाहुण्याबरोबर ग्लास तोंडाला लावायचा. मग ताप उतरला तर तो गोळीने उतरला की चहाने, हे एका अल्लाहलाच माहीत.

अशा गावात अवदिया नर्स होती.

उंच, रुंद, आणि अंगाला साडीसारखा गुंडाळलेला तोब कायम एका खांद्यावरून घसरलेला. तो मागे फेकत फेकत ती बोलायची. आवाज असा की दवाखान्यात ती "श्वास घे!" म्हणाली की बाहेर बांधलेलं गाढवही छाती फुगवायचं. तपासणी म्हणजे एका दमात तीन प्रश्न, "खाल्लंस काय, प्यालास काय, बाहेर पडलं काय?" आणि तुम्ही पहिल्याचं उत्तर जुळवताय तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. "झालं! रडतोस काय? तुझ्या आजीने तर टोचताना जांभई दिली होती."

तिला एकच गोष्ट जमत नव्हती. तिला बसता येत नव्हतं. पेशंटच्या घरी गेली की नाडी बघायची, औषध द्यायची, सुनेला चार शब्द ऐकवायची आणि उंबऱ्याकडे वळायची. मागून घरची माणसं ओरडायची, "अवदिया, चहा!" आणि ती पायात चप्पल घालता घालता, "पुढच्या खेपेला!" गावातल्या प्रत्येक घरात तिचा एक चहा राहिलेला होता. लोक हसून सोडून द्यायचे. एक सोडून.

ती एक म्हणजे खाला सित्तना, सगळ्या गावाची मावशी. चिमणीएवढी म्हातारी, वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळता आवाज, आणि मान अशी ताठ की नमाजाला वाकली तरी लोकांना नवल वाटायचं. एका वर्षी तिला मलेरियाने असं धरलं की कफनाचं कापड आणायला माणूस निघाला होता. अवदिया सकाळ-संध्याकाळ जाऊन इंजेक्शनं देत राहिली आणि म्हातारी वाचली. वाचल्यावर पहिलं वाक्य काय, तर "सगळं गाव आलं. अवदिया तेवढी भेटायला आली नाही."

"अहो खाला, दिवसातून दोनदा येत होते!"

"सुई टोचायला येत होतीस. मला भेटायला नाही. कुणी पाहिलं तुला माझ्या चटईवर बसलेलं? माझ्या घरचा घोट घेतलेलं?"

त्या दिवसापासून खाला सित्तना अवदियाशी बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, पण दुसऱ्याच्या तोंडून. अवदिया समोर उभी असली तरी शेजारणीला म्हणायची, "त्या बाईला सांग, तिचा तोब चिखलात लोळतोय." आणि शेजारीण बिचारी मान वळवून, "अवदिया, तुझा तोब..." "ऐकलं मी! त्यांना सांग, लोळू दे."

मग एके दिवशी, ज्वारी कणसावर आली होती तेव्हा, गाड्यांवर बंदुका लावलेली माणसं गावात शिरली. त्या दिवसाचं मी फार सांगत नाही. ज्यांची माणसं गेली तीच त्याबद्दल कमी बोलतात, मग बाकीच्यांनी तोंड कशाला उघडायचं. जे उरलो ते ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरांत चढलो. कुणी धान्याचं पोतं घेतलं, कुणी शेळी, कुणी नुसतीच घराची किल्ली. अवदियाने आपल्या लग्नातली पत्र्याची पेटी दोघांच्या मदतीने वर चढवली. सगळ्यांना वाटलं, दागिने. वाटेत उघडली तर आत सलाईनच्या बाटल्या, कात्र्या, पट्ट्या, गोळ्या आणि लसीकरणाच्या दिवशी गावभर कोकलायचा तो भोंगा.

खाला सित्तनाचा भाऊ हाज्ज तायल्ला, गावचा वडीलधारा माणूस, दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, सोनं टाकून भोंगा आणलास?"

"हाज्ज, सोनं वाटेत लुटतात. भोंगा कोण लुटतंय?"

भोंगा कामालाही आला. दुसऱ्या दिवशी भर माळावर एका पोरीला कळा सुरू झाल्या. पुढे ट्रॅक्टरच्या धडधडीत ड्रायव्हरला काही ऐकू जाईना, म्हणून अवदियाने भोंगा तोंडाला लावला, "डोकं दिसतंय! डोकं दिसतंय!" ड्रायव्हरला वाटलं झुडपात बंदूकवाल्याचं डोकं. त्याने थांबायचं सोडून ट्रॅक्टर असा पिटाळला की पोरगं आईच्या नव्हे, ट्रॅक्टरच्या जोराने बाहेर आलं. त्याचं नाव मुदस्सिर ठेवलंय, पण आजतागायत सगळे त्याला ट्रेलर म्हणतात. ट्रेलरला आता दात येताहेत.

असे आम्ही गदारिफ शहराला पोचलो आणि शहराबाहेरच्या मुलींच्या एका शाळेत उतरलो. एकेका वर्गात चार-चार बिऱ्हाडं. फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं गणित अजून तसंच होतं. थोडे दिवस गेले, पोटं बिघडायला लागली, आणि मग तांदळाच्या पेजेसारखं पाणी जायला लागलं. कॉलरा.

शाळेच्या मैदानात एक लांब पांढरा तंबू उभा राहिला. डॉक्टर आला. त्याचं नाव मुझम्मिल, खार्तूमचा. तोही आमच्यासारखाच घर सोडून आलेला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर झोपायचा आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. रात्रंदिवस खपायचा पोरगा. पण बोलायचा असं, जणू रेडिओवरच्या बातम्या. "सन्माननीय बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांस नम्र विनंती की रुग्णांच्या निकट गर्दी करू नये." लोक माना डोलवायचे, कुणी म्हणायचं, "वा, काय गोड बोलतो!" आणि जागचं हलायचं नाही कुणीच. मग मागून अवदिया, "ए, उठा रे तिथून!" की खाटा रिकाम्या.

रिकाम्या म्हणजे पाच मिनिटांपुरत्या. कारण आजारी माणसाला भेटायला जायचं नाही, हे आमच्या लोकांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. खाटेला मध्ये भोक, खाली बादली, वर दोरीला लटकलेली सलाईन, आणि खाटेच्या काठावर ओळीने बसलेले पाहुणे. कुणी पेशंटच्या हातात हात घेतलाय, कुणी त्याच्याच ग्लासातून पाणी पितोय, कुणी किसऱ्याचा, म्हणजे ज्वारीच्या पातळ भाकरीचा, तुकडा कालवणात बुडवून त्याच्या तोंडाशी धरलाय. आज भेटायला आलेला उद्या शेजारच्या खाटेवर. मग त्याला भेटायला आणखी दहा.

डॉक्टरने कपाळावर हात मारला. "हा रोग हातांनी पसरतो हो! एक आजारी आणि पंधरा जण त्याच्या उशाशी!"

"मग काय त्याला कुत्र्यासारखं एकटं मरू द्यायचं?" हाज्ज तायल्लाने विचारलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा सगळ्यांना हाज्जचंच पटलं होतं.

शेवटी तंबूभोवती चांगली लांबवर दोरी बांधली. पेशंटबरोबर घरचा एकच माणूस आत. दोरीच्या तोंडाशी अवदिया उभी, पायांत गमबूट, पाठीवर पिकाला औषध मारायचा पंप, आणि त्यात क्लोरीनचं पाणी. कुणी दोरीला हात लावला की फुस्स. लोक चिडले. ही बाई स्वतः कधी कुणाकडे चहाला बसली नाही, आणि आता दुसऱ्यालाही बसू देत नाही! "पंपवाली" असं नाव पडलं. तिने ऐकलं आणि पंप आणखी जोरात मारला.

आणि एका सकाळी खाला सित्तनाला तिचा मुलगा शाझली हातांवर उचलून घेऊन आला. एवढी हलकी झाली होती की त्याच्या हातांवर नुसता तोब असल्यासारखा वाटला. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, आवाज तर नाहीच. अवदियाने पंप खाली टाकला. दोन्ही हातांना सलाईन लावली आणि ती तिथेच गुडघ्यांवर बसून बाटली पिळत राहिली. एकही शब्द न बोलता. अवदिया गप्प बसलेली आम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि त्यानेच आम्ही जास्त घाबरलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी म्हातारीचे ओठ हलले. शाझली वाकला. म्हातारी म्हणाली, "त्या बाईला सांग, सुई वाकडी टोचलीय."

अवदियाने तोब मागे फेकला. "त्यांना सांग, हात वाकडा आहे."

दोरीबाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनी "अल-हम्दुलिल्लाह!" केलं. पण डॉक्टरचा चेहरा काही खुलला नाही. सलाईन घेऊन येणारा ट्रक वाटेत अडकला होता. कुणी म्हणे पूल गेला, कुणी म्हणे नाक्यावर थांबवलाय. पेटीतल्या शेवटच्या बाटल्या उरल्या होत्या आणि रात्रीत चार तान्ही पोरं आत आली होती.

डॉक्टरने शाझलीला बाजूला घेतलं. त्या दिवशी तो रेडिओसारखं बोलला नाही. "हे बघ, तुझ्या आईला आता तोंडाने घेता येतंय. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत गेलं पाहिजे. मीठसाखरेचं पाणी, ग्लासामागून ग्लास. प्यायली तर वाचली. नाही प्यायली तर दिवस मावळायच्या आत काल होती तिथे परत जाईल. आणि तेव्हा माझ्याकडे तिला लावायला बाटली नसेल."

शाझलीने पाण्याचा जग आणि ग्लास घेतला. म्हातारीने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं जसं कुणी शेळीचं मूत पाजलंय.

"हे काय?"

"औषधाचं पाणी आहे, आई. पी."

"भांडी विसळलेलं आहे. ठेव खाली."

"आई, डॉक्टर म्हणतोय..."

"डॉक्टरला पाज. अरे, दोन दिवस मी इथे पडलेय, एक माणूस आला का कफारा म्हणायला? आपल्या गावात भिकारीण आजारी पडली तरी चार जण यायचे. मला कुणी नाही. मग वाचून करायचंय काय? भांड्याचं पाणी प्यायचंय?" आणि तिने तोबाचा पदर तोंडावर ओढला.

अवदिया गेली, दरडावलं. "खाला, तोंड उघडा!" पदराच्या आतून आवाज, "शाझली, त्या बाईला सांग, मी झोपलेय." अवदियाने गोडीत घेऊन बघितलं. गोडी तिला जमत नाही, गोड बोलताना ती उंटाला चुचकारल्यासारखी वाटते. लिंबू पिळून झालं, चमच्याने पाजून झालं. चमचा ओठांवरच सांडला.

तेवढ्यात दोरीपाशी हाज्ज तायल्ला चार माणसं आणि एक खाट घेऊन हजर. "आम्ही आमच्या बहिणीला वर्गात नेतोय. तिथे तिची माणसं आहेत. माणसांत असली की ती पिईलही आणि जगेलही. आणि मरायचंच असेल तर माणसांत मरेल."

डॉक्टरचा आवाज चिरकला. "हाज्ज, तुमच्या त्या वर्गात वीस पोरं आहेत!"

"मग तू तिला पाजून दाखव!"

अवदिया मध्ये आली. पंप नव्हता तिच्या पाठीवर. "हाज्ज, तिसऱ्या प्रहरापर्यंत, असरच्या नमाजापर्यंत थांबा. तोवर प्यायल्या नाहीत तर खाट मी स्वतः धरते."

हाज्जने सूर्याकडे बघितलं. "असरपर्यंत," तो म्हणाला, आणि दोरीबाहेरच्या कडुलिंबाखाली खाट टाकून वाट बघत बसला. ती रिकामी खाट तिथे सगळ्यांना दिसत होती.

त्या लिंबाखालीच कल्तूम चहा विकायची. थोराड बांधा, मोठं हसू, कोळशाची शेगडी, आणि जगात कुणाचं काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती. डॉक्टर तिथे जाऊन फोनवर ट्रकवाल्याशी भांडत होता. भांडण संपलं, तसा तो हताश होऊन दोरीपाशी आला. हातात कल्तूमचा ग्लास तसाच. उन्हामुळे तंबूची त्या बाजूची कनात वर गुंडाळलेली होती आणि म्हातारीची खाट समोरच. तिने पदर बाजूला केलेला दिसला, म्हणून हा दुरूनच म्हणाला, "कशा आहात खाला? कफारा." आणि सवयीने चहाचा घोट घेतला.

म्हातारी कोपरावर उठली. "शाझली! पोरगा एवढा शिकलेला, आपल्या दारात येऊन एकटाच चहा पितोय, आणि तू बघत बसलायस? लाज आहे का? माझा ग्लास कुठाय?"

शाझलीने गडबडून समोर होता तो मीठसाखरेच्या पाण्याचा ग्लास दिला. म्हातारीने डॉक्टरकडे बघत तो जरासा उंचावला आणि अर्धा संपवला. तोंड वाकडं झालं, पण पाहुण्यासमोर कोण बोलून दाखवतंय!

"साखर बरोबर आहे ना रे पोरा तुझ्या चहात?"

"ह... हो खाला."

"पी मग. माझ्यासाठी थांबू नकोस." आणि तिने उरलेला अर्धाही घेतला.

डॉक्टर ग्लास हातात धरून पुतळ्यासारखा उभा. अवदिया एकदा त्याच्याकडे बघतेय, एकदा म्हातारीच्या रिकाम्या ग्लासाकडे. मग दोघांची नजरानजर झाली.

"डॉक्टर," अवदिया हळू म्हणाली, "उकळलेल्या चहाने कॉलरा होतो का?"

"नाही. ग्लास क्लोरीनमध्ये विसळले तर नाही."

"आणि दोरीबाहेर बसून?"

"दोरीबाहेर बसून नाही," डॉक्टर म्हणाला आणि हसायलाच लागला.

मग काय विचारता! लिंबाखाली चटया पडल्या. कल्तूमच्या शेगडीवर दुसरी किटली चढली. ग्लास विसळायला क्लोरीनची बादली, हात धुवायला दुसरी. पत्र्याच्या पेटीतून भोंगा निघाला. आणि अवदिया शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून गरजली, "उम्म तलहाच्या माणसांनो! खाला सित्तना आजारी आहे, माहीत आहे ना? मग घरात काय बसलायत? कफाऱ्याला या! हात धुवा, चहा घ्या, दोरीला हात लावाल तर पंप आहेच!"

सगळी शाळा लोटली. पहिला मान भावाचा. हाज्ज तायल्लाने भोंगा उलटा धरला, मग सुलटा धरला, खाकरला, आणि ते खाकरणं शेजारच्या वस्तीपर्यंत गेलं. "सित्तना! मी तुझा भाऊ तायल्ला!"

"माहितेय मला, तू जन्मल्यापासून ओळखते तुला," म्हातारी म्हणाली. शाझलीने ते ओरडून पुढे पाठवलं. "मोठी मी आहे, हेही सांग!"

"कफारा, बहिणी! अल्लाह तुझं दुखणं घेवो, तुझ्या शत्रूला देवो, तुझ्या शेळ्या, तुझी घरं, तुझी शेतं..." हाज्ज एकदा सुरू झाला की थांबत नाही. गावात लोक वैतागायचे. आज कुणी वैतागलं नाही, कारण त्याचा चहा संपेपर्यंत म्हातारीला दोन ग्लास घ्यावे लागले.

मग रांगच लागली. एक जण आला तो म्हणाला, "खाला, कफारा, आणि ती तुमच्याकडची कुदळ माझ्याकडेच राहिली हो, गावातच, माफ करा." म्हातारीने माफ केलं आणि ग्लास घेतला. ट्रेलरची आई ट्रेलरला घेऊन आली. ट्रेलर भोंग्यात शिंकला. म्हातारी म्हणाली, "याचा नवस फेडायचाय मला," आणि ग्लास घेतला. दोन सासवा एकदमच बसल्या आणि भोंग्यावरून एकमेकींच्या सुनांचं सुरू झालं. सुना मागेच उभ्या होत्या. अख्ख्या मैदानाने ऐकलं. म्हातारी एवढी रंगली की शाझली ग्लास भरतोय आणि ती पितेय, भरतोय आणि पितेय. शेजारच्या खाटांवरचे पेशंटही कोपरांवर उठून ग्लास मागायला लागले. त्यांचे पाहुणेही रांगेत होते ना.

"दफअल्ला न्हावी आला नाही अजून," म्हातारी मध्येच म्हणाली. "लक्षात ठेव, शाझली."

दफअल्लाला धावत आणला गेला. तोंडावर अर्धा साबण तसाच.

असरची अजान झाली. हाज्ज तायल्लाने त्या रिकाम्या खाटेकडे बघितलं, मग बहिणीकडे. आणि त्याच वेळी तंबूत अवदियाने वाकून बादली बघितली आणि सरळ उभी राहिली. आता, हे सगळ्या जगाला माहीत आहे की कॉलराच्या पेशंटला लघवी झाली म्हणजे अंगात पाणी टिकायला लागलं, गंगेत घोडं न्हालं. कालपासून अवदिया त्याचीच वाट बघत होती. आनंदाने तिचं भान सुटलं. दोरीपाशी गेली, न्हाव्याच्या हातातला भोंगा ओढून घेतला, आणि...

"खाला सित्तनाला लघवी झाली होऽऽ!"

मग बायकांनी जिभा हलवून असा ललकारा दिला की लग्नात देत नाहीत. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. कल्तूमने शेगडीवर पळी आपटली. डॉक्टरने चष्मा काढून पुसला, आणि पुसताना दोरा सुटला.

आणि खाला सित्तनाने ग्लास खाली ठेवला.

तिच्या चेहऱ्याकडे बघून शाझलीचं हसू तिथल्या तिथे सुकलं. "एवढं आयुष्य गेलं," ती हळू म्हणाली, "माझा आवाज परपुरुषाने कुंपणाबाहेर ऐकला नाही. आणि आज दफअल्ला न्हाव्यालासुद्धा माझी... माझं..." पुढचा शब्द तिला म्हणवेना. पदर तोंडावर गेला. "आता माझ्याकडे कुणी येऊ नका. आता मी पीत नाही."

"आई, सगळे आनंदाने..."

"पीत नाही."

डॉक्टर म्हणाला, अजून जातंय तिला, अजून रात्रभर पाजायला हवं, लघवी झाली म्हणजे अर्धंच काम झालं. कल्तूम आली, तिच्याकडे म्हातारीने पाठ फिरवली. हाज्ज आला, त्याला पदराआडून, "तायल्ला, तू टाळ्या वाजवल्यास. मी बघितलं." हाज्ज बोटं मोडत मागे सरला.

अवदिया तंबूच्या मधोमध उभी होती. हात लोंबकळत. "माझंच तोंड," ती म्हणाली. मग तिने गमबूट काढले. हात कोपरापर्यंत धुतले, पाय धुतले. डॉक्टरला म्हणाली, "डॉक्टर, दोरीपाशी तुम्ही उभं राहायचं. पंप घ्या."

"मी? आणि तुम्ही कुठे चाललात?"

"मला एकीकडे जायचंय. राहून गेलंय."

ती आपल्या वर्गात गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर तो लाल काठाचा तोब होता, जो ती ईदला नेसते. दोन्ही खांद्यांवर नीट बसवलेला. पायांत चांगली चप्पल. हातात वर्तमानपत्राच्या कागदात चार खजूर, कारण रिकाम्या हाताने कुणी भेटायला जात नाही. ती मैदान ओलांडून आली, इतर कुणाही बाईसारखी, आणि लिंबाखालच्या चटईवर मांडी घालून बसली.

अवदिया बसली!

"कल्तूम, चहा."

कल्तूमने ग्लास भरला. अवदियाने भोंगा घेतला, पण तोंडाला न लावता बाजूला ठेवला. साध्याच आवाजात म्हणाली, तो आवाज तसाही पोचतोच. "सलाम आलेकुम, खाला सित्तना. मी अवदिया, उम्म तलहाची. तुम्ही आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला आले. कफारा."

पदर हलला नाही.

"यायला फार उशीर झाला. दोन दुखण्यांचा कफारा एकदमच घ्या. मागचा मलेरियाचाही."

पदर हलला नाही. अवदिया बसून राहिली. तोब खांद्यावरून घसरायला लागला, तिने तो मागे फेकला नाही, हळूच सावरला. चहा निवत चालला. पण घरमालकिणीच्या आधी पाहुण्याने घोट घ्यायचा कसा? ती ग्लास धरून तशीच.

बऱ्याच वेळाने पदराच्या काठातून एक डोळा बाहेर आला. "शाझली," म्हातारी म्हणाली, "चटईवर ती कोण बसलीय?"

"अवदिया आहे, आई."

"बसलीय?"

"मांडी घालून."

"सुई आहे हातात?"

"खजूर आहेत."

म्हातारीने दुसराही डोळा बाहेर काढला. मग मान ताठ करून, शाझलीकडे न बघता, सरळ दोरीपलीकडे बघत म्हणाली, "अवदिया, तुझ्या चहात साखर किती घालतात?"

अवदियाच्या हनुवटीला काहीतरी झालं. "तीन चमचे, खाला."

"कल्तूम, तिला चौथा घाल. पहिल्यांदाच आलीय." आणि तिने हात पुढे केला. शाझलीने ग्लास भरून दिला. म्हातारीने एक घोट घेतला, मोठा. अवदियाने एक घोट घेतला. लिंबाखाली कुणीतरी श्वास सोडला, बहुतेक हाज्ज तायल्लाने.

ग्लास संपला तशी अवदिया सवयीने गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. "बरंय खाला, निघते, आत पोरं..."

"एका ग्लासावर निघालीस?" म्हातारीचा आवाज शेंगेसारखा खुळखुळला. "आत डॉक्टर आहे पोरांजवळ. बैस खाली. कल्तूम, तिचा भर. शाझली, माझा भर."

अवदिया परत बसली. डॉक्टर पंप पाठीवर घेऊन दोरीपाशी उभा होता, आणि एक पोरगं दोरीला हात लावायला आलं, तर त्याने अगदी नम्र विनंती करून, फुस्स. दुसरा ग्लास झाला. तिसरा झाला. गावातल्या जुन्या गोष्टी निघाल्या. मलेरियाच्या वेळच्या सुया निघाल्या, लोळणारा तोब निघाला. अवदिया तीनदा उठायला गेली आणि तीनदा बसवली गेली.

दिवे लागायच्या वेळेला शाझलीने जग उलटा करून दाखवला. रिकामा.

"बघ, पाहुणी आली की घरात काही उरत नाही," खाला सित्तना म्हणाली. "जा, दुसरा भरून आण. अजून ती कुठे निघालीय."